माझ्या माणसाला झोपवून पुरलं

आमच्या लिंगायतांत मेलेल्याला झोपवत न्हाईत. आंघोळ घालायची, विभूती लावायची, मांडी घालून बसवायचं, बसवूनच मातीत न्यायचं, आणि डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवायचं. माझ्या माणसाला झोपवून पुरलं. अजून माझ्या घशाखाली उतरत न्हाई.

आमचं मालक कबनुरात मागावर कामाला हुतं. वाळत वाळत गेलं, कोल्हापूरला दवाखान्यात नेलं तवा कळलं, एड्स. पोरगी माझी तवा अंगावर पीत हुती. त्यांची ओकारी मी काढली, अंग मी पुसलं, तवा एकजणबी म्हणला न्हाई की हात लावू नको. गेल्यावर मातर प्लास्टिकात गुंडाळून, वर दोरी बांधून दिलं. नर्सबाई म्हणल्या, शिवल्यानं होत न्हाई, पण उघडू नका, नियम हाय. शिवल्यानं होत न्हाई तर उघडायचं का न्हाई? मी इचारलं, त्यांनी कागदावर माझा अंगठा घेतला. गळ्यातलं लिंग तेवढं कागदाच्या पुडीत माझ्या हातात दिलं.

आमच्या घरला गाडी नेलीच न्हाई. थेट मातीच्या जागेवर. मातीचा इधी करणारं स्वामी आलं न्हाईत, पाय दुखतोय म्हणून निरोप धाडला. आणि बघते तर खड्डा लांबडा काढलेला, माणूस आडवा मावंल असा. दीर म्हणला ताठलंय, कुठं बसवायचं आता. ताठलंय म्हणं. खड्डा तर सकाळीच काढलावता की! आमच्या चुलीवरचं जेवण जेवलेली माणसं, तोंडाला रुमाल बांधून लांब उभी. दोरीनं सोडलं खाली, पोतं सोडल्यागत.

मी म्हणलं, लिंग तरी हातात द्या. दीर म्हणला, मातीवर ठेव, पोचतंय तिथनं.

मला खाली उतरायचं हुतं आणि काखेत पोरगी. पोरगी धरा म्हणून हिच्याकडं, तिच्याकडं बघतीया, जाऊ मागं सरली, चुलत सासू मागं सरली. लेकराला धरंनात. भ्या वाटत हुतं, मलाबी झालं आसंल तर ह्या पोरीला कोण धरणार, ह्येच डोसक्यात.

आत्ती, माझी सासू, तवर मातीत बसलेली. ती उठली.

"दे ती हिकडं," म्हणली. "माझ्या ल्योकाची हाय."

आणि पोरीचा मुका घेतला, सगळ्यांच्या देखत.

मी खाली उतरली. प्लास्टिक नखानं फाडलं, डावा हात काढला. थंडगार. बोटं मिटंनात, मग पदराची पट्टी फाडून लिंग तळहातावर बांधलं. वरनं दीर वरडत हुता. वरडू दे. विभूती कुणी आणलीच नव्हती, माझ्याच कपाळाची पुसून त्यांना लावली.

तीन वर्सं झाली, माझं रगात मी अजून तपासलं न्हाई, धाडस हुईना. पोरगी धडधाकट हाय, दारात उड्या मारती. परवा जावंची पोरं तिला म्हणाली, तुझ्या बाला झोपवून पुरलंय. ती पळत आली, धापा टाकत, म्हणली आई, बाबा तिथं कसा हाय?

मी म्हणलं, बसलाय.

आत्तीनं ऐकलं. भाकरी थापता थापता म्हणली, "व्हय, बसलाय. मांडी घालून."