एका पंपावर दोन ट्रॅक्टर

मिस्त्रींच्या गॅरेजवर पाच मिनिटांसाठी गेलेला माणूसही एखादा किस्सा घेऊनच उठतो. मी तर लोधीपुऱ्यातला रिटायर्ड मास्तर, रोज जाऊन बसणारा. साठा किती झाला असेल बघा! त्यातले हे फक्त दोन बुटक्या ट्रॅक्टरांचे.

शाहपुरच्या प्रल्हादभाऊंचा लाल आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, रमेशचा, निळा. केळीच्या दोन ओळींमधून जाणारे, एकाच कंपनीचे, दोन्ही म्हातारे. वाटणीत एकेकाला एकेक आला आणि भावाभावांतलं बोलणं बंद झालं. पुढे कंपनीही बंद! नवा पार्ट मिळेना. लाल अडला की निळ्याचं काढायचं, निळा अडला की लालचं.

मिस्त्रींना ट्रॅक्टरपेक्षा या दोघांची काळजी जास्त. त्यांनी नियमच केला. पार्ट मालकानं स्वतः आणायचा आणि दुसऱ्या मालकाच्या हातात द्यायचा.

"तुमच्याजवळ ठेवून जातो ना," रमेश म्हणाला.

"माह्या हाताले ग्रीस आहे," मिस्त्री म्हणाले.

हात नुकतेच साबणानं धुतलेले होते!

* * *

मिस्त्रींचा कान म्हणजे काय सांगू! एकदा रस्त्याकडे पाठ करून जेवत होते. मागून ट्रॅक्टर गेला. घास तसाच हातात धरून म्हणाले, "गाडी भाऊची, नोझल रमेशचा. अन् भाऊनं एअर फिल्टर साफ नाही केला."

मी धावत जाऊन भाऊंना थांबवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

* * *

अदलाबदलीत लालवर निळं बोनट चढलं. शाहपुरच्या बाजारात कुणीतरी मिस्त्रींना विचारलं, "हा ट्रॅक्टर कोणाचा?"

"समोरून रमेशचा, मागून भाऊचा. तुम्हाले कुठून पाहिजे?"

* * *

दसऱ्याला भाऊंच्या घरी ट्रॅक्टरची पूजा होती. वहिनींनी लालला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि ताट घेऊन सरळ रमेशच्या अंगणात निघाल्या.

भाऊ ओरडले, "तिकडे कुठे?"

"आपला सेल्फ-स्टार्टर त्याच्यात बसेल आहे ना? त्याची पूजा कोण करीन?"

वाटणीनंतर पहिल्यांदाच वहिनींनी तो उंबरा ओलांडला. परत आल्या त्या जेवूनच! बाईच्या हिमतीला मी मनातून हात जोडले. भाऊ मात्र ओट्यावरून हलले नाहीत.

* * *

मग निळ्याचा डिझेल पंप कायमचा गेला. उरला लालचा एकच पंप, आणि दोघांच्याही केळीत काम. मिस्त्रींनी पाळी लावली. तीन दिवस लालवर, तीन दिवस निळ्यावर. दर चौथ्या दिवशी दोघं गॅरेजवर समोरासमोर.

आधी नुसतंच "घे" आणि "बरं". महिन्याभरानं भाऊ म्हणाले, "पाइप कसून लाव." पुढच्या खेपेला रमेशनं विचारलं, "तुझी पाठ कशी आहे?" मी पेपर तोंडासमोर धरला होता. डोळ्यांत पाणी आलेलं मास्तरनं दाखवू नये.

* * *

आणि नेमके तेव्हाच मिस्त्रींना खंडव्याच्या एका भंगाराच्या दुकानात दोन नवेकोरे पंप सापडले! मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, सांगू नका त्यांना. भेटणं बंद होईल."

"मास्तर, पार्ट असून नाही म्हणू? मंग मी मिस्त्री कायचा?" एवढं बोलून त्यांनी दोघांनाही एकेक पंप बसवून दिला. दोन्ही ट्रॅक्टर सुसाट गेले. गॅरेज सुनं झालं.

आठव्या दिवशी सकाळी रमेश आला. पिशवीतून नवा पंप काढून म्हणाला, "मिस्त्री, हा बराबर बसत नाही. भाऊचा लावून पाहू का?"

मिस्त्रींनी पंप उलटसुलट करून पाहिला. दोष काहीच नव्हता. त्यांनी तो हळूच पुसून टेबलावर ठेवला आणि आतल्या बाकाकडे बोट केलं. तिथे प्रल्हादभाऊ बसले होते. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला त्यांचा पंप.

"माहाही बसत नाही रे," भाऊ म्हणाले. "केव्हाची वाट पाहून राह्यलो."