भिंतीतला दुसरा खिळा

“तुला माहीत होतं! हे मला मारणारेत, हे तुला माहीत होतं!”

“समीर, हळू बोल. काकू ऐकतायत.”

“ऐकू देत! मी मेलो की तुला डॉक्टर आहेच! सगळे सीन तुझेच!”

मी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. समोरच्या भिंतीवर समीरचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, आणि खाली स्वतः समीर. ठणठणीत! मी अडकित्ता खाली ठेवला. “हे खरं की सिरियल?”

समीरने हातातला चहाचा कप ओटीवर आपटला.

प्रश्न माझा उगीच नव्हता. नागावच्या आमच्या वाडीत सहा महिने शूटिंग चाललंय. किस्से नारळांसारखे साठलेत, एक सोलावा तोवर चार पडतात! समीर-केतकी हे खरे नवरा-बायको, आणि सिरियलमध्येही नवरा-बायको. तिथे तो एका डॉक्टरवरून तिच्यावर जळतो. इथेही जळतो. चौथीत शाळा सुटली माझी, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. माणसंही वाचता येतात मला. पण ही दोघं? छे!

*

पहिल्याच आठवड्यात त्याने तिच्या हातातला मोबाईल हिसकावला. “कोण हा डॉक्टर?” म्हणून असा ओरडला की मी खराटा घेऊनच धावले.

“कट! कट!” दिग्दर्शक किंचाळला. “काकू, फ्रेममध्ये आलात!”

“फ्रेम तुझी असेल. ओटी माझी आहे!”

*

मग मी शहाणी झाले. दुसऱ्या दिवशी दोघं विहिरीपाशी भांडली. ती हुंदके देत होती. मी मध्ये पडले नाही, शेवटपर्यंत गप्प उभी राहिले, आणि टाळ्या वाजवल्या. “रडायचं काम फार छान केलंस हो!”

तिने डोळे पुसले. “काकू, आज शूटिंगला सुट्टी आहे.”

*

थळची हिरा मासे घेऊन येते. ही सिरियल ती एक दिवस चुकवत नाही. समीर कोलंबी घ्यायला गेला, तर तिने पाटीवर फडकं ओढलं.

“बायकोचा फोन चोरून बगतोस व्हय? तुला न्हाय देनार!”

“मावशी, ते सिरियलमध्ये!”

“मग जेव जा सिरियलमंदी!”

*

एकदा किनाऱ्यावर फिरायला आम्ही तिघं गेलो. पर्यटकांचा घोळका आला, आणि समीरच्याच हातात मोबाईल दिला. “दादा, मॅडमबरोबर आमचा एक फोटो काढा ना!”

त्याने मुकाट्याने काढले. पाच-सहा काढले. सगळे आले होते फोटोत. एकाही फोटोत केतकीला डोकं नव्हतं!

*

परवा सेट लावणाऱ्या आर्टवाल्याने फोटो टांगायला म्हणून माझ्या नव्या रंगाच्या भिंतीत दोन खिळे ठोकले.

“एका फोटोला दोन खिळे? भिंत काय तुझ्या सासऱ्याची?”

“काकू, वरून ऑर्डर आहे.”

ऑर्डर काय ते मला आज कळलं: सिरियलमध्ये समीरची गाडी घाटात कोसळणार, तो मरणार. शूटिंग उद्याचं. समीरला आज दुपारी दिग्दर्शक समजावून सांगणार होता. पण आर्टवाला पडला कामसू! सकाळीच फोटो टांगून, हार घालून मोकळा. आणि आपलं काम गेलं हे कुणी सांगायच्या आधी, चहाचा कप घेऊन आलेल्या समीरने स्वतःलाच हार घातलेला बघितला.

त्यावरूनच हे भांडण. दिग्दर्शक पळत आला. “अरे, मी सांगणारच होतो...”

समीरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेला, बॅग घेऊन बाहेर आला. “मी मुंबईला चाललो. एकटा. तू राहा इथे. डॉक्टरबरोबर संसार कर, पडद्यावर नाहीतर कुठेही!”

केतकीचा चेहरा पांढराफटक.

“समीर,” मी म्हटलं, “एवढं तरी सांगून जा रे. हे खरं की सिरियल?”

“खरं आहे, काकू! हे खरं आहे!”

तो पायरी उतरला. केतकी हलली नाही. तिने फक्त बोट वर केलं. भिंतीकडे, हार घातलेल्या फोटोच्या शेजारी, जिथे दुसरा खिळा रिकामाच होता.

“माझा फोटो काच बसवायला नेलाय अलिबागला, मीच सांगितलं त्यांना, घाटात त्याच्या गाडीत मलाही बसवा!”