सरावाचं दार

परदेशात धर्मसेवेला निघालेल्या एका पोराचा, दारोदार जाऊन धर्माबद्दल बोलायचा पाठ इतका चोख होता, की झोपेतून उठवलं तरी त्याने घडाघडा म्हणून दाखवला असता. प्रशिक्षण केंद्रात सरावासाठी खोलीच्या मधोमध एक दार उभं केलं होतं. भिंत नाही, नुसतं चौकटीतलं दार. ते वाजवायचं आणि पलीकडून जो उघडेल त्याच्याशी बोलायचं. त्या दिवशी पलीकडे केंद्रातले कपडे धुणाऱ्या मावशी बसल्या होत्या.

पोराने दार वाजवलं आणि मावशींनी उघडताच गाडी सुसाट सोडली. मावशी मध्येच म्हणाल्या, "माझे यजमान वारले रे."

"फारच छान! आता दुसरा मुद्दा," पोरगं म्हणालं.

सगळा वर्ग खो-खो हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं पोराला झालं. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

"कान घरी ठेवून आलास का? जा, परत वाजव."

त्याने परत वाजवलं. मावशींनी तेच वाक्य म्हटलं. या वेळी त्याला पाठातलं एक अक्षर आठवेना. तो त्यांच्यासमोर बसला. "काय काम करायचे ते?" त्याने विचारलं.

"सुतार होते." मावशींनी चौकटीवरून हात फिरवला. "हे दार त्यांनीच केलंय."

पुढे परदेशात त्याने शेकडो दारं वाजवली. निम्मी तोंडावर आपटली, पण त्याला कधी राग आला नाही. बंद झालेल्या लाकडावर तळहात टेकवून तो मनातल्या मनात म्हणायचा, "मावशी, परत वाजवतो."