खालच्या फांद्या

ओढा ओलांडून दोघी जमिनीच्या वरच्या तुकड्याच्या चढाला लागल्या, तेव्हा व्हर्ना तिसऱ्यांदा थांबली.

"दमलीस?" एनिडने विचारलं.

"मी नाही. गुडघा दमलाय. त्याच्यासाठी थांबलेय."

एनिड तिची नणंद. सगळी नोकरी टपालखात्यात झालेली, झाडांतलं तिला काही कळत नसे. पण सोमवारी हॅलिफॅक्सला व्हर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याच सोमवारी तोडणीवाले यायचे होते. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच व्हर्ना तोडणीला नसणार होती. म्हणून सकाळपासून ती नणंदेला झाडं दाखवत हिंडत होती.

ही झाडं कुणी लावलेली नव्हती. गाई विकल्यावर कुरण ओस पडलं आणि त्यात सूचिपर्णी फरची रोपं आपली आपण उगवून आली. ऑब्री, म्हणजे व्हर्नाचा नवरा, आरागिरणीत होता. तो म्हणाला, जाळून टाकू. व्हर्ना सत्तावीस वर्षांची होती. तिने लांब पात्याची सुरी आणली आणि दर उन्हाळ्यात एकेक झाड छाटून त्याला ख्रिसमसच्या झाडाचा आकार आणला. उजवा खांदा त्यातच कामातून गेला. नोव्हेंबरात तिची झाडं दोरीने आवळून बॉस्टनच्या ट्रकवर चढत. घरात मात्र कुणी घेणार नाही असं वाकडंच झाड यायचं.

"तुझा भाऊ म्हणायचा, ख्रिसमसला सगळ्यांच्या बायकांना केकचा वास येतो, माझीला डिंकाचा."

"केक मीच पाठवायचे ना त्याला! तुझा त्याने कधी गिळला?"

"कुत्र्यानेसुद्धा नाही," व्हर्ना म्हणाली. दोघी हसल्या, पण व्हर्नाचं हसू लवकर संपलं.

ती एका झाडाशी वाकली. बुंध्याजवळच्या फांद्या बाजूला सारून तिने जुना खुंट दाखवला. झाड तोडताना अगदी खालच्या हिरव्या फांद्या ठेवायच्या. त्यांतली एक हळूहळू वर वळते, तिचंच नवीन झाड होतं. मुळं जुनी, त्यामुळे वाढ जोमाची.

"या खुंटावरचं हे तिसरं झाड," ती म्हणाली. "पहिलं तोडलं तेव्हा ऑब्री होता."

चढ संपला आणि वरचा तुकडा समोर आला. तिथे झाड नव्हतं. जमिनीलगत कापलेले राखाडी खुंट तेवढे, दोनशेच्या वर. एकावरही हिरवं काही नाही.

"तोडणीवाल्यांनी केलं हे? लाज नाही मेल्यांना!"

"त्यांना कशाला बोलतेस? मी केलं."

व्हर्ना एका दगडावर बसली. गेल्या वर्षी व्यापाऱ्याला सात फुटी झाडं हवी होती. खालच्या फांद्या ठेवून कापली तर हिची साडेसहाचीच भरत. अजून एक वर्ष थांबायला हवं होतं. पण आणखी एक छाटणी या खांद्याने होईल असं तिला वाटेना. "अर्ध्या फुटासाठी मीच म्हटलं, मातीलगत कापा. सगळ्यांना शिकवत आले, खालच्या फांद्या ठेवा म्हणून. आणि मीच."

एनिडने तिच्या पाठीवर हात ठेवला. "देव क्षमा करतो गं."

"त्याने केली असेल. खुंटाने नाही केली."

एनिडने मनातल्या मनात प्रार्थना केली. काय मागावं ते तिला सुचलं नाही, म्हणून तिने नुसतं व्हर्नाचं नाव घेतलं.

"काल व्यापाऱ्याचा फोन आला होता," व्हर्ना म्हणाली. "यंदाही सातच फूट हवीत. आता खालचाच तुकडा उरलाय."

"मग? काय सांगितलंस?"

"बघते म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. पण दमलं की माणूस बघतेच म्हणतं, एनिड."

उठण्यासाठी तिने हात पुढे केला. एनिडने ओढून तिला उभं केलं, तरी तिने हात सोडला नाही.

"सोमवारी तू उभी राहा त्यांच्यापाशी. प्रत्येक खुंटाला हिरव्या फांद्यांचा एक वेढा राहिलाच पाहिजे. आणि मी दवाखान्यातून फोन करून म्हटलं, जाऊ दे, कापा खालून, तर माझं ऐकू नकोस."