पदवीची अट

कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात नोकरभरतीचं काम अण्णा बघायचे. घरची भाषा मराठी, पण बोलण्यात कानडी मिसळलेली. उमेदवार आला की त्याला आधी पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "स्वल्प बसा, घाई नको."

स्टोअर्समध्ये हंगामी काम करणाऱ्या एका बाईंना कायम करायचं होतं. बैठकीत मीही होतो. नवे मॅनेजर म्हणाले, "बाई दहावीच आहेत. भरतीला पदवीची अट आहेच; यापुढे पदवीशिवाय कुणाला कामावरही ठेवायचं नाही."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सरी सर, ठीक आहे. मग सुरुवात माझ्यापासून करा. मी दहावी नापास आहे."

आम्ही सगळे त्यांना बी.ए. समजत होतो. ते गप्प राहिले असते, तर निवृत्तीपर्यंत कुणाला कळलं नसतं. मॅनेजरांनी बाईंचा कागद पुढे ओढून सही केली.

बाई कायम झाल्या. अण्णांची ठरलेली बढती मात्र पुढे कधी झालीच नाही.

एकदा बसची वाट बघताना मी म्हणालो, "अण्णा, केवढी हिंमत तुमची."

"हिंमत कसली?" ते म्हणाले. "पदवी नाही म्हणून मीच किती जणांना पाणी पाजून परत पाठवलंय."