चौरंगावरचा गंज

अनसिंगच्या भंडाऱ्यात भाजी वाढणारी ती माळीण मला एकदाच दिसली. नाव मी विचारलं नाही. पदर कमरेला खोचलेला, आणि पान मालगुजाराचं असो की त्याच्या गड्याचं, पळी सारखीच भरलेली.

सगळ्या जातींनी एकाच पंगतीत, मांडीला मांडी लावून जेवायचं, हा नेम भंडारा सुरू करणाऱ्या महाराजांनीच घालून दिलेला. पूर्वी पायी येणारे महाराज त्या वर्षी मोटारीतून आले. शिष्यांनी पंगतीच्या तोंडाशी त्यांच्यासाठी चौरंग मांडला. माळणीने तो उचलला, बाजूला नेऊन ठेवला आणि त्यावर वांग्याच्या भाजीचा गंज टेकवला.

"तुमीच सांगतलं ना महाराज, पंगतीत लहान-मोठं कोनी नसते. या, बसा आमच्यात."

महाराज परत मोटारीकडे वळले. शिष्य मागोमाग धावले. पंगतीतून एकही माणूस उठला नाही. मीही उठलो नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

"जेवा ना बाप्पा, भाजी थंडी होऊन राह्यली," ती म्हणाली. मग महाराजांच्या नावाचा जयजयकार तिनेच सुरू केला. आम्ही असे गरजलो की मोटारीपर्यंत नक्की ऐकू गेलं असेल.