चाचपडून दाखवा

“ताई, जरा चाचपडत चाला. भिंतीला हात लावून. आणि एखादं फाटकं लुगडं नाही का तुमच्याकडे?”

पुण्याहून आलेल्या मॅडमनी आर्वीच्या हॉलमध्ये, त्यांच्या अ‍ॅपसाठी व्हिडीओ काढताना, सगळ्यांसमोर मला हे विचारलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले होते. आमच्या वस्तीत मीटिंगला जायचं म्हटलं की बाया चांगलं नेसतात. चारचौघांत बसायचं असतं. मॅडमच्या डोळ्यांत तेच खुपलं. गरीब, आजारी बाई नीटनेटकी असते, हे त्यांच्या अ‍ॅपात बसेना.

अ‍ॅप शुगरवाल्यांच्या डोळ्यांसाठी होतं. शुगरनं डोळा आतून खराब होतो. दुखत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून वेळेवर तपासून घ्या, असं फोन सांगणार. आणि हे म्हणे आमच्यासोबत बसून बनवायचं. बॅनरवर तसंच लिहिलं होतं. बसलो होतो, खोटं कशाला बोलू. आम्ही सतरंजीवर, ते खुर्च्यांवर. सकाळपासून एक शब्द विचारला नव्हता. शहाण्यांची रीतच ती. दुखणं ज्याचं, त्यानं गप्प बसायचं.

मी चालले. डोळे मिटून, भिंतीला हात लावून. माझी माय शेवटी अशीच चालायची. शुगरनंच गेले तिचे डोळे. मलाही शुगर आहे.

“एकदम नॅचरल,” मॅडम म्हणाल्या. व्हिडीओ काढणारा हसला. “अजून एकदा. जरा केविलवाणं करा.”

अंगाची लाही लाही झाली. मी डोळे उघडले.

“माही माय आंधळी झालती, भिकारी नाई झालती. मिटवा तो व्हिडीओ.”

“अहो, तुमच्याच लोकांसाठी आहे हे.”

“आमच्या लोकाईनं हे पाह्यलं तं कोनी तपासाले येनार नाई. शुगर लपवून ठेवतीन. अन् आज आमचे डोये कोनी तपासले, ते सांगा.”

डोळ्याच्या आतला फोटो काढणारं मशीन कोपऱ्यात उभं होतं. सकाळी पाहुण्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, शेजारी उभं राहून फोटो काढले. चालवणाऱ्याला बोलवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. अशी यांची अक्कल, आणि अडाणी आम्ही.

मी जाऊन मशीनपुढच्या स्टुलावर बसले. वस्तीतल्या बाया मागे येऊन उभ्या राहिल्या.

“चालवनारा बलावा. तोवर आमी हालत नाई.”

मॅडमनी कपाळाला आठ्या घालून फोन लावला. माणूस आला. व्हिडीओ माझ्यासमोर मिटवला गेला. हार मीच काढून बाजूला ठेवला. माझ्या उजव्या डोळ्यात बिघाडाची सुरुवात झालेली निघाली. इलाज चालू आहे.

आता मॅडमचं पुन्हा बोलावणं आलंय. मी निरोप धाडला आहे. आधी मशीन चालू होईल, मग मीटिंग. काय दाखवायचं ते आम्ही ठरवू. डोळ्याच्या आतला फोटो पाहिजे तेवढा काढा. तोंडाचा मिळणार नाही.